जीभ लुळ्या बाजूला वळते, पडजीभ मात्र धडधाकट बाजूला! हे डोक्यात कसं बसवायचं?

नवाकोरा_बीडीएस:

पुण्यात बीडीएसच्या (दंतवैद्यकीच्या) पहिल्या वर्षाला आहे. प्रिलिम तोंडावर आलीय आणि हेड-नेकच्या व्हायव्हात (तोंडी परीक्षेत) हमखास तोंड-घसा विचारतात. अप्पा बळवंत चौकातून आणलेला तक्ता भिंतीवर आहे, तो पाठही आहे. पण प्रश्न उलटा आला की गाडी अडते.

जिभेसारख्या एवढ्याशा अवयवाला चार-पाच नर्व्ह कशाला? मेंदूतून निघणाऱ्या बारा क्रेनियल नर्व्हपैकी बारावी (हायपोग्लॉसल) गेली तर जीभ लुळ्या बाजूला वळते आणि दहावी (व्हेगस) गेली तर पडजीभ चांगल्या बाजूला सरकते, हे उलटसुलट का? टॉन्सिलच्या पाच धमन्या म्हणून दाखवता येतात, पण ऑपरेशनमध्ये रक्त नेमकं कुठून येतं? आणि घसा आवळणाऱ्या कॉन्स्ट्रिक्टर स्नायूंच्या फटींतून काय काय जातं ते दर वेळी विसरतो. जाणकारांनी मार्ग दाखवावा. पुस्तकातलं पान चिकटवू नका, ते आहे माझ्याकडे.

सुरी_चिमटा:

तक्ता काही दिवस उलटा लाव. जिभेला इतक्या नर्व्ह का, याचं उत्तर ती कुठून कुठून गोळा झाली यात आहे.

पुढचा दोन तृतीयांश भाग पहिल्या फॅरिंजियल आर्चचा (गर्भाच्या घशाजवळच्या कमानींपैकी पहिलीचा). त्या आर्चची नर्व्ह मॅन्डिब्युलर (पाचवीची फांदी), म्हणून तिथला स्पर्श, वेदना, गरम-गार हे सगळं तिच्या लिंग्वल फांदीकडे. चव मात्र फेशियलच्या (सातवीच्या) कॉर्डा टिम्पनीकडे. ही कानाच्या पडद्यामागून, मॅलियस आणि इन्कस यांच्या मधून येते, पेट्रोटिम्पॅनिक फटीतून बाहेर पडते आणि कवटीच्या तळाखाली साधारण २ सेंमीवर लिंग्वलला मागून मिळते. मध्यकर्णाच्या ऑपरेशननंतर पेशंट म्हणतो ‘तोंडाला धातूची चव येते’, त्याचं कारण हा आडमार्ग. लिंग्वल नर्व्ह या संगमाच्या वर दुखावली तर स्पर्श जातो, चव राहते. संगमाच्या खाली दुखावली तर दोन्ही जातात. हा प्रश्न व्हायव्हात फार आवडीने विचारतात.

मागचा एक तृतीयांश तिसऱ्या आर्चचा, म्हणजे ग्लॉसोफॅरिंजियलचा (नववीचा). स्पर्शही तिचा, चवही तिची. तिसऱ्या आर्चचं अस्तर पुढे सरकताना सल्कस टर्मिनॅलिसच्या (जिभेचे हे दोन भाग वेगळे करणाऱ्या खाचेच्या) थोडं पुढे येतं. म्हणूनच ८ ते १२ सरकमव्हॅलेट पॅपिला (चवीचे मोठे उंचवटे) त्या खाचेच्या पुढे असूनही नवव्या नर्व्हच्या मालकीच्या. अगदी मुळाशी, एपिग्लॉटिससमोरच्या (स्वरयंत्राच्या झाकणासमोरच्या) व्हॅलेक्युलाचा तुकडा चौथ्या आर्चचा. तिथे व्हेगसची इंटर्नल लॅरिंजियल.

हे झालं अस्तराचं. स्नायू बाहेरून आलेले पाहुणे. ऑक्सिपिटल मायोटोममधून (गर्भाच्या डोक्यामागच्या स्नायूखंडांतून) ते जिभेत शिरले आणि येताना आपली बारावी नर्व्ह बरोबर घेऊन आले. चार आतले, चार बाहेरचे, आणि त्यांत एकटा पॅलॅटोग्लॉसस अपवाद. तो मुळात टाळूचा स्नायू, म्हणून त्याचा कारभार फॅरिंजियल प्लेक्ससकडे (घशाच्या भिंतीवरच्या नर्व्हच्या जाळ्याकडे).

आता दिशेचं कोडं. स्नायू त्या भागाला ढकलतो की ओढतो, एवढंच स्वतःला विचार. जिनिओग्लॉसस हनुवटीच्या आतल्या बाजूला, वरच्या जीनियल ट्युबरकलवर उगम पावतो आणि पंख्यासारखा जिभेत पसरतो. तो आकुंचन पावला की जिभेचं मूळ पुढे येतं, म्हणजे परिणामी जीभ बाहेर ढकलली जाते. उजवा लुळा असेल तर डावा एकटाच ढकलतो आणि टोक उजवीकडे जातं. लेव्हेटर व्हेलाय पॅलॅटिनाय उलट आहे. तो वरून, कवटीच्या तळाकडून टाळूला ओढतो. उजवा गेला तर डावा टाळूला वर आणि स्वतःकडे घेतो, पडजीभ डावीकडे जाते. ‘आ’ म्हणायला लावल्यावर घशाची मागची भिंतही पडद्यासारखी त्याच बाजूला सरकते.

एक पथ्य: जीभ वाकडी दिसली म्हणून लगेच नर्व्हवर खापर फोडू नकोस. लुळ्या अर्ध्या भागात सुरकुत्या, बारीक झालेला स्नायू आणि तोंडात जीभ स्थिर असताना दिसणारी फडफड असेल तर दोष नर्व्हमध्ये किंवा तिच्या न्यूक्लियसमध्ये (मेंदूतल्या उगमाशी). जीभ वळते पण भरलेली आहे, फडफड नाही, तर दोष मेंदूत वर, आणि तोही वळणाच्या विरुद्ध बाजूला. फडफड बघताना जीभ बाहेर काढायला सांगायची नाही. बाहेर काढलेली जीभ कुणाचीही थरथरते.

नवाकोरा_बीडीएस:

ढकलणं-ओढणं एकदम पटलं. मग खालचा जबडा?

सुरी_चिमटा:

जबडा ढकलणाऱ्यांत. लॅटरल टेरिगॉइड काँडाइलला (जबड्याच्या सांध्यातल्या टोकाला) पुढे घेतो. एका बाजूचा लुळा पडला तर तोंड उघडताना हनुवटी त्याच लुळ्या बाजूला जाते. चेहरा मात्र ओढणाऱ्यांत, म्हणून फेशियल गेल्यावर तोंड चांगल्या बाजूला खेचलं जातं. आणि बक्सिनेटरला (गालाच्या स्नायूला) विसरू नकोस. त्याचा मोटर पुरवठा सातवीचा, पण त्याला भोसकून जाणारी बक्कल नर्व्ह पाचवीची, फक्त संवेदनेची. बेल्स पाल्सीत (सातवीच्या लकव्यात) पोळीचा घास गाल आणि हिरडीच्या मध्ये साठून राहतो तो बक्सिनेटरमुळे.

कान_नाक_घसा:

टॉन्सिलचं सांगतो, कारण यात पुस्तकी उत्तर आणि टेबलावरचं उत्तर वेगळं आहे.

धमन्या पाच: फेशियलची टॉन्सिलर फांदी, फेशियलचीच असेंडिंग पॅलॅटाइन, लिंग्वलच्या डॉर्सल लिंग्वल फांद्या, असेंडिंग फॅरिंजियल, आणि वरून मॅक्सिलरीकडून येणाऱ्या पॅलॅटाइन फांद्या. मुख्य पहिली. ती सुपीरियर कॉन्स्ट्रिक्टर भेदून टॉन्सिलच्या खालच्या टोकाशी शिरते, म्हणून खालचं टोक सोडवताना घाई करायची नाही. पण ‘सर्रास रक्त कुठून येतं’ असं विचारलं तर उत्तर शीर असं द्यायचं. मऊ टाळूवरून उतरणारी पॅराटॉन्सिलर व्हेन कॅप्सूलच्या बाहेरच्या अंगाला असते, पातळ भिंतीची. कॅप्सूल सोडून विच्छेदन बाहेर गेलं की ती फाटते.

पहिल्या २४ तासांतलं रक्त बहुधा नीट न बांधलेल्या किंवा दाब वाढल्यावर सुटलेल्या वाहिनीचं. साधारण पाचव्या ते दहाव्या दिवशी येणारं रक्त खपली सुटताना, बहुतेक वेळा जंतुसंसर्गाच्या जोडीने. लहान मूल रक्त गिळतं, म्हणून थुंकीत काही दिसत नाही. झोपेत वारंवार आवंढे गिळणं आणि वाढती नाडी यांवर लक्ष ठेवायचं. इंटर्नल कॅरॉटिड टॉन्सिलच्या मागे-बाहेर साधारण २.५ सेंमीवर असते. काहींमध्ये ती वळण घेऊन जवळ आलेली असते, त्यामुळे टाके घेताना सुई खोल घालायची नाही.

टॉन्सिल काढल्यावर कान का दुखतो हा पुढचा प्रश्न ठरलेला. नववी नर्व्ह टॉन्सिलच्या तळाशी आहे आणि तिचीच टिम्पॅनिक फांदी मध्यकर्णात जाते. कान तपासला तर पडदा स्वच्छ. हेच लक्षात ठेवून उलटही वागायचं: मोठ्या माणसाचा एकच कान दुखतोय, कानात काही सापडत नाही, तंबाखू चालू आहे, तर जिभेचं मूळ, टॉन्सिल आणि पिरिफॉर्म फॉसा (स्वरयंत्राच्या बाजूचा खळगा) पाहिल्याशिवाय घरी पाठवू नये.

फटी वरून खाली चार. सुपीरियर कॉन्स्ट्रिक्टर आणि कवटी यांच्या मध्ये: युस्टेशियन ट्यूब (कान-घसा जोडणारी नळी), लेव्हेटर, असेंडिंग पॅलॅटाइन धमनी. सुपीरियर आणि मिडल यांच्या मध्ये: स्टायलोफॅरिंजियस आणि त्याला बिलगलेली नववी नर्व्ह. मिडल आणि इन्फीरियर यांच्या मध्ये: इंटर्नल लॅरिंजियल नर्व्ह, सुपीरियर लॅरिंजियल वाहिन्या. इन्फीरियरच्या खाली: रिकरंट लॅरिंजियल आणि तिच्या सोबतची इन्फीरियर लॅरिंजियल धमनी. पाठ करण्याची युक्ती अशी की प्रत्येक फटीतून तिच्या आतल्या अंगाला जे आहे तेच जाणार. वर कान, मधे टॉन्सिल-जीभ, खाली स्वरयंत्राची वरची बाजू, तळाशी स्वरयंत्राची खालची बाजू.

स्टायलोफॅरिंजियस हा तिसऱ्या आर्चचा एकमेव स्नायू, म्हणून नवव्या नर्व्हचा एकुलता एक. टाळूच्या पाच स्नायूंत टेन्सर एकटा पाचव्या नर्व्हचा. तो टेरिगॉइड हॅम्युलसला वळसा घालून टाळूत शिरतो आणि गिळताना युस्टेशियन ट्यूब उघडतो. दुभंगलेल्या टाळूच्या बाळांना कानात पाणी का होतं ते इथे कळतं: टेन्सरला ओढायला मधोमध पक्की जागाच उरत नाही.

इन्फीरियर कॉन्स्ट्रिक्टरच्या दोन भागांमध्ये, थायरोफॅरिंजियस आणि क्रिकोफॅरिंजियस यांच्या मधे मागच्या बाजूला जी दुबळी जागा आहे ती किलियनची. क्रिकोफॅरिंजियस वेळेवर सैल पडला नाही की वरून आलेला घास तिथून अस्तराला मागे ढकलतो आणि पिशवी तयार होते.

दाढेचा_दोस्त:

वरच्या प्रतिसादांना अनुमोदन. एक भर घालतो. हायोग्लॉसस हा चौकोनी स्नायू नकाशा म्हणून वापरा. त्याच्या बाहेरून वरून खाली या क्रमाने लिंग्वल नर्व्ह, सबमॅन्डिब्युलर डक्ट (जबड्याखालच्या लाळग्रंथीची नळी), हायपोग्लॉसल नर्व्ह. त्याच्या आतून लिंग्वल धमनी. धमनी आणि बारावी नर्व्ह यांच्या मधे हा एकच पडदा आहे, म्हणून जिभेचं रक्त थांबवायला मानेतून लिंग्वल बांधायची तर बारावी नर्व्ह आधी ओळखायची, मग हायोग्लॉससचे तंतू बाजूला करायचे. जिभेच्या मधल्या पडद्यातून दोन्ही बाजूंच्या धमन्यांची देवाणघेवाण अगदी कमी. त्यामुळे जीभ बरोब्बर मधून चिरली तर फारसं रक्त येत नाही, बाजूला चिरली तर भळभळतं.

लिंग्वल नर्व्ह डक्टच्या बाहेरून येते, खालून वळसा घेते आणि आतल्या बाजूने वर जिभेत जाते. डक्टमधला खडा काढताना चीर मागच्या दाढांपर्यंत नेली की हीच कापली जाते.

बीडीएस_तिसरं_वर्ष:

धाग्यात घुसतोय, माफी. आम्हाला आता इन्फीरियर अल्व्हिओलर ब्लॉक (खालचे दात बधिर करणारं इंजेक्शन) द्यायला लावतात. जीभ बधिर होते पण ओठ होत नाही, असं बऱ्याच जणांचं होतं. सुई नेमकी कुठे चुकते?

दाढेचा_दोस्त:

ब्लॉक बहुधा खाली पडतोय. लिंग्वल नर्व्ह पुढे आणि आतल्या अंगाला आहे, तिला औषध वाटेत लागतं. इन्फीरियर अल्व्हिओलर ज्या छिद्रात शिरते त्याच्या खाली औषध सोडलं तर वर येऊन नर्व्हला गाठत नाही.

क्रम असा ठेवा. तोंड पूर्ण उघडं. अंगठा कोरोनॉइड नॉचच्या (जबड्याच्या उभ्या फांदीच्या पुढच्या काठावरच्या खोबणीच्या) सर्वांत खोल जागेवर. तिथून मागे टेरिगोमॅन्डिब्युलर राफेकडे (तोंडात मागे दिसणाऱ्या उभ्या दुमडीकडे) आडवी रेघ कल्पा; ती खालच्या दाढांच्या चावण्याच्या पातळीपासून ६ ते १० मिमी वर आणि त्या पातळीला समांतर हवी. सुई टोचायची जागा या रेघेवर, नॉचपासून राफेकडे तीन चतुर्थांश अंतरावर. सिरिंजचं नळकांडं विरुद्ध बाजूच्या प्रीमोलरवर. लांब सुई, आणि साधारण २० ते २५ मिमीवर हाड लागलं पाहिजे. हाड लागलं की १ मिमी मागे, अ‍ॅस्पिरेट (दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का ते बघा), मग साधारण १.५ मिली निदान मिनिटभर घेऊन. मागे येताना अर्ध्या वाटेवर पुन्हा अ‍ॅस्पिरेट करून थोडं लिंग्वलसाठी. मागच्या दाढांची गालाकडची हिरडी यात बधिर होत नाही. तिच्यासाठी बक्कल नर्व्हला ०.३ मिली वेगळं.

हाड फार लवकर लागलं तर टोक पुढे आहे: सुई थोडी मागे घ्या, नळकांडं पुढच्या दातांकडे सरकवा, पुन्हा आत जा. हाड लागतच नसेल तर टोक मागे गेलंय, नळकांडं दाढांकडे न्या. हाड न लागता औषध कधीही सोडू नका. मागे पॅरोटिड लाळग्रंथी आहे, तिच्यात फेशियल नर्व्ह, आणि पेशंटचा डोळा मिटेनासा होतो. भूल उतरली की परत येतो, पण तोवर डोळ्याला पट्टी लावावी लागते. सुई फार आत-मधे घुसली तर मीडियल टेरिगॉइड स्नायूला इजा होऊन दुसऱ्या दिवशी तोंड उघडत नाही. अ‍ॅस्पिरेशनला रक्त येणं या ब्लॉकमध्ये १० ते १५ टक्के वेळा घडतं, त्यामुळे ती पायरी गाळायची नाही.

ओठ आणि जीभ दोन्ही बधिर, तरी पहिली दाढ दुखते? मायलोहायॉइड नर्व्हची फांदी असण्याची शक्यता धरा आणि जिभेच्या बाजूने, दुखणाऱ्या दाताच्या मागच्या दाताच्या मुळाच्या टोकाशी ०.६ मिली सोडा. मुलांच्या आईवडिलांना ओठ चावण्याबद्दल नक्की बजावा, ओठाची भूल दातापेक्षा जास्त वेळ टिकते.

अक्कलदाढेला लिंग्वल नर्व्ह बहुधा हाडाच्या आतल्या पातळ भिंतीला लागून जाते, कधी कधी तिच्या काठाच्या वर. म्हणून जिभेच्या बाजूला हिरडीत आडवी चीर द्यायची नसते.

उच्चार_उपचार:

इथे गिळणं आणि बोलणं राहिलंय. दोन्ही तपासायला पुस्तक लागत नाही, आरसा पुरतो.

नाकाखाली थंड आरसा धरा आणि पेशंटला ‘पापा, टाटा, काका’ म्हणायला सांगा. आरसा कोरडा राहायला हवा. वाफ धरली तर मऊ टाळू घशाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचत नाही, लेव्हेटर कमी पडतोय. अशा वेळी ‘बाबा’ ऐकताना ‘मामा’ वाटतं. उलट, सर्दीने किंवा अ‍ॅडिनॉइडने (नाकामागच्या टॉन्सिलसारख्या गाठीने) नाक बंद असेल तर ‘मामा’चा ‘बाबा’ होतो. या दोन्ही तक्रारी घेऊन येणारे ‘नाकात बोलतो’ एवढंच सांगतात, उपचार मात्र परस्परविरुद्ध: पहिल्यात अ‍ॅडिनॉइड काढले तर बोलणं आणखी बिघडतं.

ओठांच्या ‘प ब म’साठी सातवी नर्व्ह. ‘ट ठ ड ळ’साठी जिभेचं टोक वर-मागे वळावं लागतं, ते सुपीरियर लाँगिट्युडिनल करतो, बारावी नर्व्ह. ‘क ख ग’साठी जिभेची पाठ वर जाते, त्यात स्टायलोग्लॉसस आणि पॅलॅटोग्लॉसस. पेशंटकडून ‘प-ट-क, प-ट-क’ भरभर म्हणून घ्या. कुठलं अक्षर आधी घसरतं ते ऐकलं की नर्व्ह कोणती याचा अंदाज बसतो. ‘बाळ’, ‘काळा’ असे शब्द त्यात जरूर घाला.

गिळताना बोट कंठावर ठेवा. स्वरयंत्र वर आणि पुढे जायला हवं. ते नेणारे मायलोहायॉइड आणि डायगॅस्ट्रिकचा पुढचा भाग पाचवीचे, डायगॅस्ट्रिकचा मागचा भाग आणि स्टायलोहायॉइड सातवीचे, जिनिओहायॉइड सी-१ चा. हायॉइड (जिभेखालचं हाड) पुढे सरकला की क्रिकोफॅरिंजियस ओढून उघडतो, म्हणजे व्हेगसने त्याला सैल सोडणं आणि हायॉइडने त्याला ताणणं दोन्ही लागतं. एक चुकलं तरी घास पिरिफॉर्म फॉशात साठतो आणि मागून श्वासनलिकेत उतरतो. घशाचा हा टप्पा जेमतेम सेकंदाचा. म्हणून पातळ पाणी सर्वांत अवघड आणि घट्टसर पेज सोपी.

घशाची एकच बाजू लुळी असेल तर डोकं लुळ्या बाजूकडे वळवून गिळायला लावा. ती बाजू दाबली जाते आणि घास चांगल्या बाजूने उतरतो. इंटर्नल लॅरिंजियलची संवेदना गेलेली असेल तर ठसका लागतच नाही. ठसका नाही म्हणजे सगळं ठीक असं धरू नका. गिळल्यानंतरचा ओलसर, घोगरा आवाज ऐका. आणि गॅग रिफ्लेक्सवर (घशाला स्पर्श झाल्यावरच्या उबळीवर) सुरक्षित गिळण्याची हमी देऊ नका: आत जाणारा निरोप नववीचा, बाहेर येणारा दहावीचा, पण कित्येक धडधाकट लोकांमध्ये तो मुळातच मंद असतो.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट धरावी लागते. तोंड उघडत नाही, आवाज नाकात, कानात दडा, असं त्रिकूट घेऊन येणाऱ्याला नर्व्ह तपासायच्या आधी सुपारी विचारा. सुपारीमुळे होणाऱ्या सबम्यूकस फायब्रोसिसमध्ये गाल, मऊ टाळू, पडजीभ यांखालचा थर घट्ट होतो आणि पुढे स्नायूही. पडजीभ आखडते, टाळू हलत नाही, नर्व्ह ठणठणीत असूनही. राज्यात २०१२ पासून गुटखाबंदी आहे, पण सुपारी टपरीवर मिळतेच. तोंड उघडणं मोजायला पट्टी वापरा. वरच्या-खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर साधारण ३५ ते ५० मिमी, किंवा पेशंटची स्वतःची तीन बोटं.

नवाकोरा_बीडीएस:

सगळ्यांचे आभार! एकच शंका. टाळूच्या स्नायूंना व्हेगस की क्रेनियल अ‍ॅक्सेसरी (अकरावी)? दोन पुस्तकांत दोन उत्तरं आहेत.

सुरी_चिमटा:

व्हायव्हात ‘फॅरिंजियल प्लेक्सस’ म्हण. तो मोटर पुरवठ्यासाठी व्हेगसच्या फॅरिंजियल फांदीतून बनतो. जुनी पुस्तकं त्या तंतूंना क्रेनियल अ‍ॅक्सेसरीचे म्हणतात, नवी सरळ व्हेगसमध्ये धरतात. परीक्षकाने टोकलं तर तंतू न्यूक्लियस अँबिग्युअसमधून येतात हे सांग, तिथे कुणाचं भांडण नाही.

आणि हाताने करून बघायचं असेल तर कॅम्पातल्या शिवाजी मार्केटमधून किंवा घराजवळच्या मटणवाल्याकडून बकऱ्याची मुंडी जीभ-घशासकट आण. त्याला सांग की जीभ काढून देऊ नको, हायॉइड आणि स्वरयंत्र जोडलेलं ठेव. हातमोजे घाल. हनुवटी मधोमध करवतून जबडा दोन बाजूंना उघड, मग जिनिओग्लॉससचा पंखा लगेच दिसतो. हायोग्लॉसस सोलून आतली लिंग्वल धमनी शोध. माणसाशी न जुळणाऱ्या गोष्टी आधीच ध्यानात ठेव: बकऱ्याला पडजीभ नसते, जिभेवर मागे उंचवटा असतो आणि सरकमव्हॅलेट पॅपिला उलट्या ‘व्ही’ ऐवजी दोन्ही कडांना रांगेत असतात.